एकसष्ट बाळं, चौऱ्याण्णव नोंदी

बोरदरी गावात नऊ महिने ते दोन वर्षं वयाची बाळं होती एकसष्ट आणि त्यांच्या लसीच्या नोंदी होत्या चौऱ्याण्णव. आता बोला! आरोग्यकेंद्रातला नोंद्या नावाचा यंत्रमानव त्या तीनदा मोजून दमला होता, म्हणजे यंत्रमानव दमतात तितपत.

त्याच्यासमोर दहा वर्षांची शाल्मली डोक्याला हात लावून बसली होती. शेजारच्या गावात गोवर (ताप आणि अंगभर पुरळ आणणारा, झपाट्याने पसरणारा रोग) आला होता. नोंद्याच्या यादीत गोवराची लस न मिळालेली चाळीस बाळं होती आणि ड्रोनने आणलेल्या पेटीत डोस होते फक्त वीस. पुढची पेटी आठवड्याने येणार. शाल्मलीला एवढाच दिलासा होता की तिच्या चौदा महिन्यांच्या भावाला, इंद्रनीलला, लस मिळाली होती. आईच तसं सांगायची.

तिची आत्या डॉ. कालिंदी माहितीशास्त्रज्ञ (नोंदींच्या ढिगातून उत्तरं शोधणारी) होती. ती जिल्ह्याहून आली. बाळांपेक्षा नोंदी जास्त कशा, असं शाल्मलीने विचारताच उत्तर द्यायचं सोडून तिनेच विचारलं, "इंद्रनील जन्मला कुठे?"

"आईच्या माहेरी," शाल्मली म्हणाली आणि तिची ट्यूब पेटली. माहेरी एक नोंद, सासरी दुसरी! लस एकीकडे मिळाली तरी दुसरीकडचा रकाना रिकामाच.

आत्याने समजावून सांगितलं. माहेरची वही आरोग्य खात्याची, इथली अंगणवाडीची, म्हणजे बालविकास खात्याची. दोन्ही जोडायचा खर्च कोणी करायचा, यावर वर्षानुवर्षं नुसती पत्रं फिरली. शेवटी यंदा दोन्ही खाती एका टेबलाशी बसली आणि आपापला वाटा घालून त्यांनी सामायिक लसनोंदवही तयार केली. तिच्यात दोन्हीकडच्या नोंदी एकत्र आल्या, पण एकाच बाळाच्या दोन नोंदी जोडायच्या राहिल्या होत्या. शाल्मलीच्या गल्लीतल्या घरांनी मिळून बोअरवेल घेतली होती, तसंच हे.

पण नोंद्या अडला. लग्नानंतर आयांची नावं बदललेली, मग जोड्या जुळवायच्या कशा?

"नाव बदललं म्हणून जन्मतारीख थोडीच बदलते?" शाल्मली म्हणाली. "आईची आणि बाळाची, दोन्ही तारखा जुळव."

"आणि जुळी असतील तर?" नोंद्याने विचारलं.

"जन्माचं वजन बघ की."

आत्याच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. बघता बघता चौऱ्याण्णवाच्या एकसष्ट नोंदी झाल्या आणि चाळीसांची यादी सातांवर आली. शाल्मलीने उडीच मारली. मग तिने यादी वाचली. चौथं नाव इंद्रनीलचं होतं.

माहेरच्या नोंदीत लिहिलं होतं, 'सासरी गेल्यावर द्यावी.' इथल्या नोंदीत, 'माहेरी झाली असावी.' आई त्याला घेऊन दहा महिने माहेरी होती. इतक्या सुया टोचल्या, त्यातच हीही असेल असं ती धरून चालली होती. ऐकून तिला रडूच आलं.

इंद्रनील तिच्याहून मोठ्याने रडला, पण लस टोचल्यावर. संध्याकाळपर्यंत सातही बाळांना लस देऊन झाली आणि उरलेले तेरा डोस शेजारच्या गावाला गेले.

गोवर महिनाभर आसपास फिरला, पण बोरदरीत त्याला थारा मिळाला नाही. यालाच समूहसंरक्षण म्हणतात (बहुतेकांना लस मिळाली की रोगाला पसरायला वाटच उरत नाही). त्यामुळे लस घेण्याइतकी मोठी न झालेली तान्ही बाळंसुद्धा सुखरूप राहिली.

आता कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या नोंदी जोडायच्या आहेत. तिसरं, कामगार खातंही वाटा घालायला तयार झालंय आणि नोंद्याने शाल्मलीला आधीच बोलावून ठेवलंय.

इंद्रनीलला लस टोचली त्या संध्याकाळी मात्र तिने एकच काम केलं. त्याच्या नोंदीतलं 'झाली असावी' खोडलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दिली.'