न सुकलेला लसूण

गोणीत टोकदार नळी खुपसली आणि बाहेर आला तो लाकडाचा भुसा.

तराजूबाईंनी शेजारची गोण टोचली. भुसा. तिसरी टोचली. भुसाच. पुढच्या काही रांगा तेवढ्या खऱ्या लसणाच्या होत्या. मागे छतापर्यंत रचलेलं सगळं सोंग होतं.

या गोदामातल्या लसणावर बँकेने कर्ज दिलं होतं. तारण माल जागेवर आहे की नाही, हे पाहणं तराजूबाईंचं काम. त्यांचे वडील बाजारात तोलणावळीवर घर चालवायचे, म्हणून बँकेतल्यांनी त्यांना हे नाव चिकटवलं होतं. त्यांनाही ते आवडायचं.

मालकीणबाई दारातल्या स्टुलावर बसल्या. नवरा गेल्यापासून धंदा त्याच पाहत होत्या.

"किती गेला?"

"रजिस्टरप्रमाणे सहाशे ऐंशी गोणी हव्यात. खऱ्या असतील दोनशे साठ."

मालकीणबाईंच्या मागे त्यांचा जावई उभा होता. तो हळूच म्हणाला, "आता कळलं, मापाडीकाका सोमवारपासून कुठे गेलेत ते."

मापाडीकाका तीस वर्षं या गोदामातला माल मोजत होते. सोमवारी सकाळी डबा घेऊन घरातून निघाले, ते परतलेच नव्हते. आज गुरुवार.

"तीस वर्षं खाल्लं त्या घराचे वासे मोजले," मालकीणबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

 तराजूबाईंनी एक खरी गोण काट्यावर ठेवायला लावली. चव्वेचाळीस किलो. दुसरी ठेवली. साडेत्रेचाळीस. दोन्ही आकडे टिपून त्यांनी रजिस्टर मागवलं.

नोंदी संगणकावर छापलेल्या होत्या आणि प्रत्येक पानाखाली मापाडीकाकांची सही होती. लसूण पाच महिन्यांपूर्वी, आठवड्याच्या अंतराने, पाच खेपांत आला होता, पन्नास किलोची एक अशा आठशे गोणी. दर महिनाअखेरीस वजनाची नोंद होती. विकलेल्या एकशे वीस गोणी चौथ्या आणि पाचव्या खेपेतल्या होत्या. पहिल्या तीन खेपा जशाच्या तशा शिल्लक. शेवटची नोंद मागच्या महिन्याची: गोण पन्नास किलो.

सह्या खऱ्या होत्या. तरीही तराजूबाईंनी ते पान दोनदा वाचलं.

गोदामाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक मापाडीकाकांकडे, एक जावयाकडे आणि एक मालकीणबाईंच्या पुतण्याकडे.

पुतण्याचं औषधांचं घाऊक दुकान होतं. तो बोलताना सारखा चष्मा पुसत होता.

"तुमच्याकडे किल्ली कशाला?"

"काकूंना दर महिन्याचे हिशेब छापून देतो. रजिस्टरची कोरी पानं गोदामाच्या टेबलात असतात, ती घ्यायला."

"तुमच्यावर कर्ज आहे म्हणे."

 तो म्हणाला, "आहे. गेल्या वर्षी दोन लाखांच्या गोळ्यांची मुदत संपली. मुदत संपलेलं औषध म्हणजे मढं. तेव्हापासून जुनी पेटी संपल्याशिवाय नवी फोडायची नाही, असा नियमच केलाय. पण मी लसूण चोरलेला नाही बाई."

"पाच महिन्यांनी गोण किती भरेल?"

"मला काय ठाऊक? सुकत असेल थोडा. मापाडीकाकांना विचारा."

जावयाने त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी मागवलं. वडिलांची सळयांची वखार सांभाळून तो दोन वर्षांपासून सासूबाईंचं गोदामही पाहत होता.

"मापाडीकाकांवर तुमचा विश्वास होता?"

"आंधळा. तीच चूक झाली."

"माल बराच काळ पडून होता. मालकीणबाईंना काळजी नव्हती वाटत?"

"त्यांना वाटायची. मी सांगायचो, माल पडून राहिला म्हणून काय बिघडतं? भाव चढला की काढू. आठशे गोणी त्या आठशे गोणीच राहणार. जाणार कुठे?"

"खरंय," तराजूबाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

शुक्रवारी तराजूबाई मापाडीकाकांच्या मुलीकडे गेल्या; ती शिवणाचे वर्ग घ्यायची. दोन खोल्या, तीन मशिनी, खुंटीवर वडिलांचा जुना कोट.

"बाबा चोर नाहीत," तिने दारातच सांगितलं.

"मग रजिस्टरवर त्यांच्या सह्या कशा?"

"कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवायचे. मी किती वेळा बोलले. म्हणायचे, घरच्या माणसांना नाही कसं म्हणायचं?"

"कुठल्या घरच्या माणसाला?"

तिने मशिनीवरचा दोरा गुंडाळायला घेतला. "मला माहीत नाही."

जिना उतरताना तराजूबाई मध्येच थांबल्या. काहीतरी खटकत होतं. मग त्यांनी रिक्षा केली, पण बँकेत गेल्या नाहीत. गावाबाहेरच्या नाक्यावर ट्रक तोलायचा सार्वजनिक काटा होता. तिथल्या कारकुनाकडून त्यांनी सहा महिन्यांच्या पावत्यांचे गठ्ठे मागून घेतले आणि पाऊण तास एकेक पावती उलटत बसल्या. संध्याकाळी त्या पुन्हा शिवणाच्या खोलीत गेल्या. या वेळी दोघी दार आतून लावून बराच वेळ बोलत बसल्या.

शनिवारी सकाळी मालकीणबाईंच्या कचेरीत सगळे जमले. फौजदार भिंतीला टेकून उभे होते.

"हे रजिस्टर मापाडीकाकांनी लिहिलेलं नाही," तराजूबाईंनी सुरुवात केली. "सह्या त्यांच्या, मजकूर दुसऱ्याचा. सही केलेली कोरी पानं टेबलात असायची, किल्ली असलेला कुणीही त्यांवर हवं ते छापून रजिस्टरात लावू शकत होता. लसूण सुकतो. खऱ्या गोणी आज चव्वेचाळीसच्या आसपास भरतात, रजिस्टरात पाचही महिने पन्नास. तीस वर्षं लसूण तोलणारा माणूस एक वेळ चोरी करील, पण घट लिहायला विसरणार नाही. उलट चोर असता तर जास्तच घट लिहिली असती. वर्षाला दहा-वीस गोणी त्यातच जिरवता आल्या असत्या."

मालकीणबाईंनी मान वर केली.

"दुसरी गोष्ट. रजिस्टरात आधी नवा माल विकलाय, जुना ठेवलाय. नासणाऱ्या मालात हे कुणी करत नाही. औषधवाला तर स्वप्नातही करणार नाही." पुतण्याने चष्मा पुसायचं थांबवलं. "ज्याचा माल सुकत नाही, सडत नाही, ज्याला मुदत नाही, तोच वरचा आधी उचलतो, कारण तो हाताशी असतो. सळयांच्या वखारीत असंच चालतं ना?"

जावई हसला. "मला लसणातलं कळत नाही, एवढंच यातून दिसतं. अडाणी असणं गुन्हा आहे का?"

"नाही. म्हणून मी काट्यावर गेले. लसणाचा सौदा गोणीवर होतो, ट्रक तोलायच्या भानगडीत कुणी पडत नाही. लोखंडवाला मात्र काट्याच्या पावतीशिवाय ट्रक हलवत नाही, हाडात भिनलेलं असतं ते. चार महिन्यांत तीन ट्रक. पावतीवर माल लसूण, ट्रक तुमच्या वखारीचा, सही तुमची."

त्यांनी तीन पावत्या टेबलावर मांडल्या. जावयाने त्या उचलल्या नाहीत. नुसत्या लांबून पाहिल्या.

"पण मग काका पळाले का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बेपत्ता माणसाची मुलगी पहिल्यांदा विचारते, जिवंत आहेत ना? हिने विचारलंच नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं." तराजूबाईंनी दाराकडे पाहिलं. "या काका."

मापाडीकाका मुलीच्या आधाराने आत आले. चार-पाच दिवसांत पोशाखासकट माणूस चुरगळला होता.

"सोमवारी गोण हलवताना मला हलकी लागली," ते म्हणाले. "फोडली, तर भुसा. मी धावत जावईबापूंकडे गेलो. हे म्हणाले, सगळीकडे सह्या तुमच्या आहेत, आत तुम्हीच जाल. महिनाभर बहिणीकडे राहा, मी निस्तरतो. मी घाबरलो."

जावयाने पंख्याकडे पाहत सांगितलं, "सळयांचा भाव कोसळला होता. वखार बुडत होती. नवा लसूण येईपर्यंत गोणी भरून ठेवणार होतो."

"कोणाच्या पैशाने?" फौजदारांनी विचारलं.  ते त्याला बाहेर घेऊन गेले.

तराजूबाई अहवाल लिहायला बसल्या. तिसऱ्या परिच्छेदापाशी त्यांचं पेन थांबलं.

"काका, कोऱ्या पानांवर सह्या केल्यात हे मला लिहावं लागेल. बँक तुम्हालाही जाब विचारील. कदाचित पोलीसही."

मुलगी पुढे झाली. "काल तुम्ही म्हणालात, बाबांना आणलं की सगळं नीट होईल."

"खरं बाहेर येईल, असं म्हणाले होते."

"मी तुमच्यावर भरवसा ठेवून त्यांना आणलं."

तराजूबाईंना तिच्याकडे पाहवेना. मापाडीकाकांनीच मुलीचा हात बाजूला केला. "लिहा बाई. सही माझीच आहे."

तराजूबाईंनी लिहिलं. मुलगी त्यांच्याकडे न बघता वडिलांना घेऊन गेली. पुतण्याही उठून मागोमाग गेला.

जावयाविरुद्धच्या तक्रारीचा कागद मालकीणबाईंसमोर होता. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. वर, माडीवर, त्यांची मुलगी काल रात्रीपासून माहेरी आलेली होती. खाली काय चाललंय, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"तिला तुम्ही सांगता का?" मालकीणबाईंनी विचारलं. "तुम्हाला नीट समजावता येतं."

"हे तुम्हीच सांगायला हवं."

मालकीणबाई जिन्याच्या कठड्याला धरून उठल्या आणि एकेक पायरी चढू लागल्या.