खालच्या रॉडवरच्या रेघा

"दार लोटून घ्या. आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही," म्हातारा म्हणाला तशी पोरं एकमेकांना खेटून बसली. "ही गोष्ट माझ्या शेजारच्या बोअरवाल्या मिस्त्रीवर गुदरलेली. खोटी वाटली तर त्याला विचारा. सांगणार नाही तो, पण त्याचं तोंड बघा."

मिस्त्रीचं काम म्हणजे जमिनीची नाडी बघणं. इमारत उठण्याआधी भोक पाडायचं, रॉडच्या टोकाला नळी लावून आत सोडायची, बाहेर राहिलेल्या रॉडवर अर्ध्या-अर्ध्या फुटावर खडूच्या तीन रेघा ओढायच्या आणि वरून घण टाकत राहायचं. रॉड भराभर गेला तर खाली चिखल. पन्नास ठोक्यांनी हलला नाही तर खडक, काम संपलं.

हे त्याला थोरल्या भावानं शिकवलं होतं. थोरला प्रत्येक रेघेला शेवटी बारीकशी शेपटी काढायचा. "रेघ आहे की उंदीर?" मिस्त्री चिडवायचा. ज्या आवारात ही गोष्ट घडली, त्याच्याच पलीकडच्या कोपऱ्यात पाया खणताना कडा ढासळली आणि थोरला गेला. प्रेत मिळालं. कानावर खोचलेला खडू तेवढा मिळाला नाही.

आता तिथं सहा मजले उठणार होते, आणि तळमजल्यावरची खोली वहिनीला मिळणार होती. "भाऊजी, जमीन नीट बघा हं," ती म्हणाली होती. "पोरांना घेऊन तिथंच राहायचंय मला."

शुक्रवारची रात्र, अमावस्येच्या आदल्या दिवसाची. पावणेबारा वाजलेले. शेवटचं भोक. सकाळी यंत्र दुसरीकडे जायचं होतं. दोर ओढायला जो जोडीदार होता त्याला सगळे रेडिओ म्हणत. झोपेतसुद्धा त्याची बडबड चालू.

नऊ मीटरवर घण उसळला. पन्नास ठोके झाले. रॉड जागचा हलेना.

"लागला खडक! मिस्त्री, गाशा गुंडाळा. बायको वाट बघतेय."

"तुझी? ती कडी लावून घोरत असेल."

"म्हणून तर लवकर निघायचं. कडी वाजवण्यातच तास जातो."

मिस्त्रीला ठाऊक होतं, चिखलात अडकलेला एखादा सुटा धोंडाही असाच आडवा येतो. शेजारी दुसरं भोक घेऊन खात्री करायला हवी. पण अंग मोडून आलं होतं. पोरांनो, आळसानं जेवढी माणसं मारली, तेवढी भुतांनी नाही मारली.

"खडकच आहे," मिस्त्री म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

ठक्.

"रेडिओ, बास कर, ठेव तो घण."

रेडिओचे दोन्ही हात खिशात होते.

ठक्... खालून. रॉड थरारला. मिस्त्रीनं त्याला तळवा लावला. ठोका हाताला लागला. पुन्हा. पुन्हा. एका लयीत, घण पडतो तसा. त्याचे ओठ आपोआप मोजू लागले. पन्नास झाले आणि...

शांत.

रेडिओनं न सांगता दोर हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा.

मिस्त्रीनं रॉड उपसले. यंत्र चार हात सरकवलं. नवं भोक सुरू केलं. नऊ मीटर गाठेपर्यंत पहाट होत आली. नळी आत सोडली. रेघा ओढल्या. घण अजून उचललाही नव्हता...

पहिली रेघ आत गेली.

दुसरी.

तिसरी.

रॉड थांबेना. नुसता आपल्या वजनानं उतरत होता... की कुणी ओढत होतं? त्याच्याभोवती साखळी आवळली तेव्हा कुठं तो थांबला.

मिस्त्रीनं 'खाली चिखल' असं कळवलं आणि तिथं इमारत उठली नाही. वहिनी अजून भाड्याच्या खोलीत राहते आणि मिस्त्रीवर रुसून असते. तिची पोरं धडधाकट आहेत.

तर त्या दिवशी उजाडल्यावर त्यांनी रॉड वर काढले. एकेक, काळ्या चिखलानं निथळत. सगळ्यात खालचा आला. त्याला रात्री कुणी खडू लावला नव्हता.

त्याच्यावर तीन रेघा होत्या. पांढऱ्या. आजूबाजूला चिखल, रेघा तेवढ्या कोरड्या.

प्रत्येकीच्या शेवटी बारीकशी शेपटी.