ह्यांची काट

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. चाळीस वर्षं अक्षरजुळणी केली आणि माझे नवरोजी माझीच प्रुफं तपासायचे. शंका आली की आधी कोश उघडायचा, मग तोंड, अशी आमच्या घरची शिस्त. तेव्हा जे झालं तेवढंच सांगते.

ह्यांचा टॅब मी काढला तो डोळ्यांसाठी. संगणकाच्या उजेडानं डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं व्हायचं. ह्यांचा टॅब ई-इंकचा, कागदासारखा राखाडी, डोळ्यांवर उजेड म्हणून येत नाही. हे अंथरुणाला खिळले तेव्हा लेकीनं तो वायफायवरून माझ्या संगणकाला जोडून दिला होता. मी बाहेरच्या खोलीत टाइप करायची, तेच पान आत ह्यांच्या हातात उमटायचं, आणि ह्यांनी पेननं केलेल्या खुणा मला बाहेर दिसायच्या. "आता हिला पळायला जागा नाही," असं हे आल्यागेल्याला सांगायचे.

जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासून ह्यांनी शेवटी स्वतःचं एक लिहायला घेतलं होतं. हे गेले तेव्हा त्यातली तीन प्रकरणं वहीतून टाइप व्हायची राहिली होती. दोन महिन्यांनी, एका दुपारी, मी तो टॅब टेबलावर उभा करून जोडला आणि कामाला लागले.

पानावर पुसट रेघा दिसल्या. लेकीला फोन केला.

"अगं आई, त्या पडद्यावर जुन्या पानाची सावली राहते. वरचं बटण दाब, जाईल पुसून."

दाबलं. पडदा एकदा काळा झाला, मग पांढरा. रेघा गेल्या... आणि मी बघत असतानाच हळूहळू परत आल्या. आता जास्त गडद. मी नुकत्याच टाइप केलेल्या ओळीत एक शब्द चुकून दोनदा पडला होता. त्यातल्या दुसऱ्यावर काट होती आणि काटेच्या टोकाला बारीकसं वेटोळं. तसं वेटोळं फक्त हेच काढायचे. पेन तर टेबलाच्या खणात होतं.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त काय वाटलं ते सांगायची लाज वाटते... मी पुढच्या ओळीत मुद्दाम चूक केली.

तीन आठवडे मी चुका करत राहिले, जन्मात केल्या नसतील अशा. आणि हे त्या काढत राहिले. सकाळी आवरून मी टेबलाशी बसायची, नव्या नवरीसारखी. शेवटचं प्रकरण काही संपू दिलं नाही. प्रकाशकाचा फोन आला की डोळ्यांचं निमित्त पुढे करायची.

मग वेटोळं थरथरायला लागलं. रेघ शब्दावरून घसरून खाली जायची. शेवटच्या महिन्यात ह्यांचा हात असाच झाला होता. एका दुपारी एका काटेला अर्धा तास लागला. ती मध्येच थांबायची, पुन्हा सरकायची, पुन्हा थांबायची... आणि खोलीभर औषधाचा तो गोडसर वास. तेव्हा मला कळलं, मी काय करत होते ते. आजारी माणसाला उठवून कामाला बसवत होते, तेही तो गेल्यावर.

"अहो, पुरे आता," मी हळूच म्हटलं. "पडा तुम्ही."

त्या दिवशी उरलेल्या सगळ्या चुका मी स्वतः काढल्या. पुस्तक पुरं झालं. राहिलं फक्त पहिलं पान, लेखकाच्या नावाचं. ह्यांच्या नावाआधी मी ‘कै.’ टाइप केलं. ते एक अक्षर मला इतके दिवस कुठंच लिहवलं नव्हतं. पोटभर रडले. मग पुस्तक पाठवलं, संगणक मिटला, वायफायची वायर काढली, टॅबही बंद केला. त्या पडद्याची रीत अशी, की बंद केला तरी शेवटचं पान त्यावर तसंच राहतं. ते पान वर करून मी टॅब ह्यांच्या उशीवर ठेवला आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

सकाळी दार उघडलं. टॅब बंदच होता, पानही तेच होतं.

‘कै.’वर काट होती, टोकाला वेटोळं. ह्या वेळी हात जराही थरथरला नव्हता.