न विचारता बांधलेला रॅम्प

तो पळून आला म्हणून आमची ओळख झाली.

समाजकल्याण खात्याची इमारत उंच जोत्यावर होती. दारापर्यंत नुसत्या पायऱ्या. निवेदन घेऊन आई आणि संस्थेची मंडळी वर गेली होती आणि मी माझ्या चाकाच्या खुर्चीत खाली वाट बघत बसले होते. तेवढ्यात हातात चहाचा कप घेऊन एक तरुण दबक्या पावलांनी उतरला आणि खालच्या पायरीवर टेकला.

"वर एक बाई आल्यात," तो म्हणाला. "साहेबांना सोलून काढतायत. पुढचा नंबर माझा होता... सटकलो."

"ती माझी आई आहे."

त्याने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग – चहा घेणार?"

"उष्टा?"

"तोंडाला लावलाच नाही. घाबरून राहून गेला."

खात्यातल्या माणसापुढे हसायचं नाही असं मी घरून ठरवून निघाले होते. नाही जमलं.

त्यानंतर मी आले की तो खाली यायचा. माझ्याशी बोलताना लोक एकतर वाकतात, नाहीतर माझ्यामागे जो उभा असेल त्याच्याशी बोलतात. हा पायरीवर बसायचा. त्याचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचे, आणि मग मलाच कुठे बघावं कळायचं नाही.

आमची संस्था म्हणजे मुळात आमच्या स्वयंपाकघरात जमणाऱ्या चार आया. मुलांना शाळा घेत नाही, बसमध्ये चढता येत नाही, म्हणून रडायला जमायच्या. रडून कंटाळा आला तशा भांडायला लागल्या. पुढे आम्ही मुलं मोठी झालो आणि संस्था आमच्या हातात आली. दोन खोल्यांचं ऑफिस झालं, सरकारी अनुदान आलं, मग खात्याच्या समितीवर एक जागा मिळाली आणि ती माझ्या वाट्याला आली. समितीच्या बैठका माझ्यासाठी इमारतीमागच्या, जमिनीलगतच्या कँटीनमध्ये भरायच्या, भजी तळण्याच्या वासात. जुनी मंडळी कुरकुरायची, की सरकारी खुर्चीत बसलं की माणसाचा आवाज बसतो. मी म्हणायचे, मी माझी खुर्ची घरूनच घेऊन जाते.

आयांनी घातलेला पहिला नियम मात्र कुणी मोडत नसे. आम्हाला विचारल्याशिवाय आमच्यासाठी काही करायचं नाही. खुर्चीला हातसुद्धा लावायचा नाही. त्याला तो नियम पाठ होता.

"ढकलू?" तो विचारायचा.

"कुठे?"

"तू म्हणशील तिथे."

"मग थांब. माझं अजून ठरायचंय."

एकदा प्रशिक्षणासाठी मी काही आठवडे बाहेरगावी गेले. फोनवर त्याच्या आवाजात हसू मावत नव्हतं. आल्यावर बघ, एक गंमत आहे, एवढंच सांगायचा. गंमत म्हणजे रॅम्प. दहा टेबलांवर फाईल फिरवून, सगळ्यांच्या विनवण्या करून, त्याने मी यायच्या आत तो उभा केला होता. मी वर त्याच्या खोलीत यावं, त्याच्या खिडकीशी बसावं, एवढीच त्याची हौस. चढ फार उभा होता आणि फरशी दिसायला सुंदर, गुळगुळीत.

मी परतण्याआधीच आमचे सर त्यावर चढले. सर म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, गणिताचे निवृत्त शिक्षक, माझ्यासारखेच चाकांवरचे. पावसाची भुरभुर होती. अर्ध्या चढावर चाकं घसरली आणि खुर्ची उलटली. खुब्याचं हाड मोडलं. स्वतःच्या दंडांच्या जोरावर पलंगावरून खुर्चीत येणारा तो माणूस आता कूस बदलायलाही दुसऱ्याची वाट बघत होता. "उताराचं गणित कुणी सोडवलं गं?" मी दवाखान्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं. मी त्यांची उशी सारखी केली.

तो दवाखान्याच्या बोळात उभा होता.

"विचारलं का नाहीस?" मी म्हणाले.

"विचारलं असतं तर... गंमत कसली राहिली असती?"

मला त्याचा भयंकर राग आला. आणि इतकं कुणी कधी माझ्यासाठी केलं नव्हतं, हेही त्याच क्षणी कळलं.

चौकशी लागली. मोठ्या साहेबांनी गोड बोलून सुचवलं की ठेकेदारावर ढकलून मोकळं होऊ, नाहीतरी अपंग मुलांसाठीचं नवं दिवसकेंद्र तुमच्याच संस्थेला द्यायचंय. संस्थेने बोलायला मला पाठवलं. आमच्या दोघांबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, "तुला जमणार नसेल तर मी बोलते." मी नको म्हटलं. मी गप्प बसले असते तर कुरकुरणारी मंडळी खरी ठरली असती, आणि पुढच्या वेळी आमचं कुणी ऐकलं नसतं.

कँटीनमध्येच सुनावणी झाली. तो समोर बसला होता. संस्थेची मागणी काय, असं विचारलं तेव्हा मी सांगितलं की सरांचा उपचार खात्याने करावा, नवा रॅम्प आमच्यासोबत बसून ठरवावा. मग म्हणाले, "आणि ज्या अधिकाऱ्याने आम्हाला न विचारता तो बांधला, त्यांना या विभागातून हलवा."

माझा आवाज कापला नाही. कापायला हवा होता.

तुम्हाला काही सांगायचंय का, असं त्याला विचारलं. "त्या बरोबर बोलतायत," तो म्हणाला. त्याने मला 'त्या' म्हटलं.

मधल्या सुट्टीत तो कँटीनच्या ओसरीत भेटला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. आम्ही दोघांनी आजवर हा शब्द टाळला होता.

तो ओसरीच्या कट्ट्यावर टेकला. मग म्हणाला, "हे... आत जायच्या आधी सांगितलं असतंस तर?"

"तर आत जे बोलले ते बोलता आलं नसतं."

त्याने मान हलवली. त्याला पटलं होतं, आणि तेच मला सोसवेना. बदली कुठे होईल, मी विचारलं.

"जिथे कुणी भांडायला येत नाही, अशा एखाद्या ठिकाणी. फार कंटाळा येणारे मला."

मी हसले आणि हसता हसता रडू फुटलं. त्याचा हात माझ्या गालाकडे आला आणि मध्येच थांबला.

"पूस," मी म्हणाले.

त्याने डोळे पुसले. मग आतून हाक आली. नव्या रॅम्पच्या उताराचं माप ठरवायचं होतं, आणि त्या बैठकीत त्याला आता जागा नव्हती. मी एकटीच आत गेले.