शलाकाची तहान

तंबूत पाण्याचे माठ भरून ठेवले होते आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसांच्या घशाला कोरड पडली होती. पण कुणी पाण्याकडे वळूनही बघत नव्हतं. पहिल्या दिवशी न राहवून सगळ्यांनी तांब्यावर तांबे रिचवून पाहिले होते. पोटं डब्ब झाली, तहान तसूभरही हलली नाही. ती तहान त्यांची नव्हतीच. ती थरच्या वाळवंटात धावणाऱ्या त्यांच्या माणसांची होती.

निनाद बिडकर त्यांच्यातलाच एक. मिरजेत त्याचा सॅक आणि तंबू शिवायचा लहानसा कारखाना होता. त्याची बायको शलाका या कित्येक दिवस चालणाऱ्या शर्यतीत उतरली होती. इथे खाणं, अंथरूण, औषधं, सगळं धावणाऱ्याने आपल्याच पाठीवर वाहायचं असतं. त्यामुळे दोघांच्या घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला उसंत नव्हती. निनादने सॅकचे जादा पट्टे कापले, चेनी उसवून त्यांच्या जागी दोरी ओवली, तिच्या स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा थर काढून टाकला. शलाकाने टूथब्रशची दांडी मोडली, दाणे-खजूर कुटून वड्या केल्या, म्हणजे डबा नको. शेवटी पाणी उरलं, आणि तिथे दोघांचंही डोकं चालेना.

"पाणी काही हलकं करता येत नाही," मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉ. सुनेत्रा हेरवाडकर तेव्हा म्हणाल्या होत्या, "पण तहान काढून ठेवता येते."

"काढून ठेवायची कुठे?" निनादने विचारलं.

"दुसऱ्या कुणाकडे तरी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत खोलवर पेशींचा एक छोटा पुंजका रक्ताचा खारटपणा सतत चाखत असतो. शरीरातलं पाणी जरासं कमी झालं, की तो ओरडा सुरू करतो. खरा धोका तेव्हा बराच लांब असतो, पण धावणारा त्या ओरड्याने घाबरतो आणि गरजेपेक्षा जास्त पाणी पाठीवर घेतो. हेरवाडकरांनी कानामागे बसवायची एक चकती बनवली होती. ती हा ओरडा धावणाऱ्याला ऐकूच येऊ देत नसे. उपग्रहामार्फत तो दुसऱ्याच्या मेंदूत उतरवत असे. याला त्या 'तृषांतर' म्हणत, आणि दुसऱ्याची तहान घेणाऱ्याला 'तृषाधारक'. तहान वाढली की धारकाने इयरफोनवरून प्यायला सांगायचं. धावणाऱ्याने ऐकलंच नाही, तर लाल बटण दाबायचं. मग बचाव पथकाची गाडी निघे, आणि शर्यत तिथेच संपे.

शलाकाने एक बाटली कमी घेतली. वर्षभर दोघांनी चकत्या लावून सराव केला होता.

आज दुपारी ती दुसऱ्या क्रमांकावर होती. पुढची मुलगी बाटल्या भरून घ्यायला वाटेतल्या पाण्याच्या ठाण्याकडे वळली आणि तिला मागे टाकायला शलाका टेकड्यांवरून सरळ निघाली. निनादच्या टाळूला जीभ चिकटली.

"शलाका, पी."

"प्यायले."

तो थांबला. तहान जराही उतरली नाही. पाणी रक्तात पोचायला वेळ लागतो, पण घोट घशाखाली गेल्याबरोबर मेंदू तहान शमवून टाकतो. हेरवाडकरांनीच ते सांगितलं होतं.

"खोटं बोलू नकोस. घोट गेलेला नाही."

"अरे, पुढे अजून केवढं अंतर आहे! आत्ताच संपवून बसू? मी एकदम मस्त आहे."

"मला जाळ लागलाय इथे."

"तुला लागलाय ना? मला नाही," ती हसून म्हणाली. "तू उगाच घाबरतोस, निनाद."

त्याने पुन्हा सांगितलं, चिडून सांगितलं, शेवटी गयावया केली. ती एक-दोन शब्दांत उत्तर देई आणि धापा टाके. त्याचे ओठ फुटले. गिळायला गेलं की घशात वाळू घासल्यासारखं होई. बटणावर बोट ठेवून त्याने हेरवाडकरांना हाक मारली.

"डॉक्टर, किती वाईट आहे हे? तुमच्या पडद्यावर दिसतं ना?"

"संदेश पोचतोय एवढंच दिसतं. किती तहान आहे, ते फक्त तुम्हाला कळतं. म्हणून तर तुम्हाला बसवलंय."

"आणि मी भित्रा असलो तर?"

हेरवाडकर पुन्हा पडद्याकडे वळल्या.

बटण दाबलं तर ती आयुष्यभर माफ करणार नाही, हे त्याला माहीत होतं. कानात तिचा आवाज आला, "ऊन गेलं वाटतं... थंडी वाजतेय. ती चादर दे रे." बाहेर ऊन रणरणत होतं.

त्याने बटण दाबलं आणि धावत जाऊन गाडीत चढला.

एका खेजडीच्या बुंध्याला टेकून ती बसली होती. कातडी कोरडी, तापलेली. त्याला तिने ओळखलं नाही. मांडीवर बाटली होती, जवळजवळ भरलेली. त्याने ती तिच्या ओठांना लावली. पहिला घोट तिच्या घशाखाली उतरला आणि त्याच्या तोंडातली आग झटकन विझली. त्या सुखाने त्याला रडू कोसळलं.

शलाका वाचली. मूत्रपिंडंही हळूहळू सावरली. दोघांच्या चकत्या काढल्या. पण तिची तहान परत आली नाही.

"वर्षभर तो ओरडा तिला ऐकू आला नाही," हेरवाडकर मान खाली घालून म्हणाल्या. "वापरात नसलेली वाट मेंदू बुजवून टाकतो. पुन्हा उघडेल कदाचित. सांगता येत नाही."

मिरजेला परतल्यावर निनाद तिला घड्याळ लावून पाणी देऊ लागला. ती शहाण्या मुलीसारखी पिई. शर्यतीचा विषय दोघांनीही काढला नाही.

एके दिवशी दुपारी तो कारखान्यातून आला, तर ती ओट्यापाशी हातात पेला घेऊन उभी होती.

"निनाद," तिने विचारलं, "मला तहान लागलीय का रे?"

त्याने टाळूवरून जीभ फिरवली, डोळे मिटून नीट शोधलं. स्वतःच्या तोंडाखेरीज त्याला काहीच सापडलं नाही.

"मला नाही कळत आता," तो म्हणाला.

ती मान हलवून पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.