कपाटातले हात

भोरपूरच्या वस्तुसंग्रहालयात संग्रहपाल हेमंत गुरव सुपारी कातरत होते, तेही उजव्या हाताने! अर्धांगाच्या झटक्यात लुळा पडलेला तो हात. शर्टाची गुंडी त्याला लागत नव्हती. आज मात्र तो कपाटातल्या, कुणा इनामदारांच्या जुन्या अडकित्त्याने अशा चकत्या पाडत होता की त्यांच्याआडून वर्तमानपत्र वाचता यावं.

"सुवर्णा, बघ तरी!"

"बघतेय," बायको म्हणाली. "घरी भाजी चिरायला सांगितली की हाच हात मेलेला असतो!"

हातावर कांद्याच्या सालीसारखा पातळ हातमोजा होता. शहरातल्या डॉ. नाझनीन मुजावरने तो बनवला होता आणि आज ती स्वतःच तो घेऊन आली होती. "याचं नाव झीजवाचक, काका. माणूस वापरून वापरून वस्तू झिजवतो, ती आपल्याच लकबीने. मोजा ती झीज वाचतो आणि स्नायूंना बारीक वीज देऊन तीच लकब तुमच्याकडून करवून घेतो."

पुढे काकांना कोण आवरणार? मगरीच्या कवटीशेजारचा दिलरुबा त्यांनी काढला आणि गज असा फिरवला की आढ्यावरची कबुतरं घुमायची थांबली. सोऱ्याने हवेतच चकल्या पाडल्या. तलवारीने दरवाजाचा पडदा उभा फाडला. शेवटी न्हाव्याचा जुना वस्तरा उचलला आणि संस्थापकांच्या मेणाच्या पुतळ्याची मिशी सफाचट केली!

"आता मोजा काढू," नाझनीन म्हणाली. "पेन धरा."

मोजा निघाला. उघडी बोटं थरथरली आणि आपली आपण उठली. सुवर्णाने पदर तोंडाशी नेला. पण हात पेनाकडे गेलाच नाही. त्याने सुवर्णाची हनुवटी चिमटीत धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि गालावरून अंगठा फिरवला.

"अहो! माझी दाढी करताय का?"

काका हसून लोटपोट झाले. नाझनीन हसली नाही.

"मेंदूतली तुमच्या हाताची जागा ओस पडली होती, काका. शेवटी वस्तरा धरलात, म्हणून तिथे न्हावी राहायला आला. सराव थांबवला, तर तो जाईल आणि हात पुन्हा लुळा पडेल. चालू ठेवला, तर ज्याची वस्तू, त्याचाच हात कायमचा."

"मग माझाच आणा की परत!"

"आणते. तुमच्या हातून झिजलेली एखादी वस्तू द्या."

काका विचारात पडले. शाळेतली बॅट कधीच भंगारात गेली होती. त्यानंतर जन्मभर बोट फिरलं ते मोबाइलच्या काचेवर.

"काचेवर काही उरत नाही, काका," ती हळूच म्हणाली. "ही कपाटं आहेत. निवडा."

सुवर्णाने कुलपं उघडायला सुरुवातही केली होती. "तलवारवाला मुळीच नको. सोऱ्यावाली चालेल, दिवाळीला उपयोगी. नाहीतर दिलरुबावाला घ्या, काय सुरेख वाजवता!" आणि मधेच ती थबकली. नवऱ्याचा तो उबदार, जिवंत झालेला हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"पण अहो, मी हा कुणाचा म्हणून धरायचा?"