बग्गीचं पुढचं धड

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती आणि आतला माणूस चक्क गुणगुणत होता.

त्याला सोडवायला आलेल्या मुलीचं लिफ्ट दुरुस्त करणं हे कामच. अडकलेली माणसं दोन प्रकारची असतात, हे तिला पाठ होतं. ओरडणारी आणि फोनवर ओरडणारी. गुणगुणणारा हा पहिलाच. तिने दार फाकवून खाली डोकावलं. आत एक तरुण मांडी घालून बसला होता, आणि मांडीवर होतं मोठ्या कुत्र्याएवढ्या एका गाडीचं मागचं धड. खाचाखाचांची दोन जाडजूड चाकं, मध्ये मोटर, आणि पुढे... पुढे काहीच नाही.

"घाबरलात का?" तिने विचारलं.

"नाही. इतकं छान कोणी डोकावणार हे माहीत असतं, तर कालच अडकलो असतो."

"काल माझी सुट्टी होती. काल आमचे तात्या आले असते. त्यांना मिशा आहेत."

"मग आजच बरं."

ती हसली नाही. पण पाना हातातून निसटून त्याच्या शेजारी पडला, तो काही वजनामुळे नव्हे.

"हे काय आहे?"

"बग्गी. बॅटरीवर पळणारी, रिमोटची. खड्डे, दगड, चिखल... हिला काही म्हणजे काही अडवत नाही."

"लिफ्टने अडवलं की."

"पुढचं धड झालं नाही ना अजून. स्टिअरिंग जमत नाही मला."

घरी वहिनीच्या फ्रीजवर गेलं वर्षभर तिने बनवलेलं अशाच गाडीचं पुढचं धड बसून होतं. ते इतकं झकास जमलं होतं, की त्याला शोभेल असं मागचं तिला सुचेचना.

"पुढचं माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

हे वाक्य जगात फार कमी मुलींनी फार कमी मुलांना म्हटलं असेल. तो पहिल्यांदाच उभा राहिला.

ती लिफ्ट तिने जरा सावकाशच दुरुस्त केली.

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवत, हा दात बसवून देई. त्याच्या कामाच्या खोलीत फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि सगळे तिच्याकडे बघून हसत. कामावरून सुटली की ती तिथे जाई. दोघांनी ॲल्युमिनियमची पट्टी कापली, लिफ्टच्या जुन्या दाराच्या स्प्रिंगा शॉक ॲब्सॉर्बरवर चढवल्या. वरचं कवच त्याने कवळीच्याच मालातून ओतलं, त्यामुळे ते हिरड्यांसारखं गुलाबी झालं.

"चिखलात उठून दिसेल," तो म्हणाला.

"बिनदातांचं काहीतरी पळतंय असं वाटेल."

"दात तूच दाखव मग. हसतेस कधी?"

"कारण मिळालं की."

बोल्ट आवळताना बोटाला बोट लागे. दोघंही "सॉरी" म्हणत आणि कोणीच हात काढून घेत नसे. एव्हाना तिला पक्कं कळलं होतं, की आपण या कवळीवाल्याच्या प्रेमात पडलो आहोत. तिला काडीची शंका नव्हती. फक्त आधी त्याने बोलायचं, एवढाच तिचा मुद्दा होता. आणि मुद्दा सोडणं तिच्या रक्तात नव्हतं.

मग एका संध्याकाळी बग्गी पूर्ण झाली. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तिने रिमोटचा घोडा दाबला. मोटर गरजली. बग्गी थरथरली, धूळ उडाली... आणि ती जागची हलली नाही. मागची चाकं पुढे जायला बघत होती, पुढची मागे. मधल्या मध्ये बग्गीने स्वतःसाठी एक सुबक खड्डा खणला.

"तुझं दातेरी चाक उलट्या बाजूला बसलंय," तो म्हणाला.

"माझं? तुझं."

"मी रोज दात बसवतो. मला कळतं कोण कुठे बसतं."

"आणि मी रोज माणसं वरखाली नेते! दिशा तू मला शिकवू नकोस."

खरं तर चूक कोणाचीच नव्हती. दोघांनी आपापलं अर्धं अगदी बरोबर केलं होतं. दोन्हीपैकी कोणतंही एक दातेरी चाक उलटवलं की काम फत्ते! पण उलटवायचं कोणी? बग्गी खोलीत परत आणेपर्यंत आवाज चढले. प्लॅस्टरचे जबडे आ वासून ऐकत राहिले.

"ठीक आहे," ती म्हणाली, "तू तुझं अर्धं ने, मी माझं नेते. रविवारी बग्ग्यांच्या शर्यतीला नाव दिलंय, तिथेच मैदानावर जोडू. चालली तर चालली. नाही तर ज्याचं धड त्याच्या घरी. कायमचं."

"कायमचं," तो म्हणाला. पण त्याचा आवाज जरा चिरकला.

पुढचं धड पुन्हा फ्रीजवर आलं. वहिनीने भाजी काढता काढता त्याच्याकडे पाहिलं.

"भांडलीस?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, वहिनी."

"हो का? तुझ्या दादाशी मी तत्त्वाने भांडायला लागले असते, तर तोही आज फ्रीजवर असता."

शनिवारी दुपारी तिने दार लावून घेतलं, बोल्ट सोडले, दातेरी चाक काढलं... आणि गुपचूप उलटवून बसवलं. मान खाली गेल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मस्त वाटलं. हरायचं हे तिने स्वतः ठरवलं होतं, आणि तेही झोकात.

रविवारी मैदान पावसाने भिजून लोण्यासारखं झालं होतं. तो मागचं धड काखेत मारून आला. दोघंही इतकी गोड वागत होती, की शेजारचा स्पर्धक घाबरला.

"आधी चालवून बघायची?" त्याने विचारलं.

"कशाला! चालणारच."

"हो, चालणारच." तो गालात हसला. तीही हसली. दात दिसले.

शिट्टी झाली. बाकीच्या बग्ग्या चिखल उडवत निघून गेल्या. गुलाबी बग्गी थरथरली... गरजली... आणि सुरुवातीच्या रेषेवरच बुडापर्यंत रुतली.

तिने रिमोटचा घोडा सोडला. कायमचं, असं तीच म्हणाली होती.

दोघं बग्गी बाजूला घेऊन आली आणि तिची धडं वेगळी करायला बसली. तिने त्याचं धड उघडलं, त्याने तिचं. आणि दोघांचे हात एकदमच थांबले.

"तू... उलटवलंस?" तो म्हणाला.

"तू पण?"

"मला वाटलं, तू काही ऐकायची नाहीस. आणि बग्गी गेली तर तू येणार नाहीस. जबड्यांना सवय झालीये तुझी..." तो अडखळला. "जबडे सोड. मला झालीये. मला तू आवडतेस. त्या लिफ्टमध्ये वर बघितलं तेव्हापासून."

"किती उशीर लावलास! मी कधीची थांबलेय."

"मग तू का नाही बोललीस?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

दुसऱ्या फेरीची शिट्टी होणार होती. "मी माझं पूर्ववत करतो," तो म्हणाला.

"अजिबात नाही. माझंच होणार. आधी प्रेमात मी पडलेय, माझा हक्क आहे."

तिने चाक पुन्हा फिरवलं, त्याने बोल्ट आवळले. बोटाला बोट लागलं. या वेळी कोणी सॉरी म्हणालं नाही.

घोडा दाबताच बग्गी निघाली. चारही चाकं एका दिलाने... मागे!

"मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की होईल सरळ!" तो ओरडला.

"आता कुठे एकमत झालंय, राहू दे!"

आणि तिने ती बग्गी अख्खी फेरी उलटीच हाकली. खड्डे, उंचवटे, चिखल, वळणं, सगळं पाठमोरं. तो शेजारी पळत "डावीकडे, म्हणजे उजवीकडे!" असं ओरडत होता. शेवटचा नंबर आला. टाळ्या मात्र पहिल्यापेक्षा जास्त पडल्या, आणि ती अशी ऐटीत उभी राहिली, जणू तिने हेच ठरवलं होतं.

"आता ही कोण नेणार?" चिखलाने माखलेल्या गुलाबी कवचावर हात ठेवून त्याने विचारलं.

"फ्रीजवर अर्धीच मावते."

"मग मोठा फ्रीज घेऊ."

"वहिनीचं स्वयंपाकघर लहान आहे."

"वहिनीच्या स्वयंपाकघराचं कोण बोलतंय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग बग्गीची पुढची बाजू उचलली आणि मागची उचलण्यासाठी त्याला मानेने खुणावलं.